भोकाचा दाखला : जुन्या फियाटमधली स्पीकरची बैठक

आपल्याकडे मोटारीचा इतिहास लिहिला गेला तो बहुतेक कारखान्यांचा, उद्योगपतींचा आणि सरकारी परवान्यांचा. गाडी कारखान्याबाहेर पडल्यावर तिच्यात ज्या हातांनी फेरफार केले, त्या हातांचा इतिहास फारसा कुणी लिहिला नाही. सीटकव्हर शिवणारे, टपावर कॅरिअर ठोकणारे, रेडिओ बसवणारे, या मंडळींनी कागद ठेवले नाहीत. त्यांची नोंद सापडलीच तर ती गाडीच्या पत्र्यावर सापडते. या लेखाचा विषय अशीच एक नोंद आहे : एका फियाटच्या मागच्या काचेखाली, पत्र्यात पाडलेले लंबगोल भोक आणि त्याच्याभोवतीची आठ बारीक छिद्रे.

गाडी नागपुरातल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंची. त्यांच्या वडिलांनी घेतलेली १९६७ ची फियाट ११०० डी. वडील गेल्यावर ती बरीच वर्षे शेडमध्ये उभी होती. बाईंनी ती पुन्हा रस्त्यावर आणायचे ठरवले. इंजिनाचे काम झाले, ब्रेक झाले आणि गाडी डेंटर-पेंटरकडे गेली. रंगापूर्वी त्याने सुचवले की मागचे भोक वेल्डिंगने बुजवून टाकू, कारण ‘ओरिजिनल’ गाडीला असे भोक नसते. बाईंचे म्हणणे वेगळे होते. त्यांच्या लेखी ओरिजिनल गाडी म्हणजे जिच्यात मागून गाणे ऐकू येते ती. शब्द एकच, पण दोघांचे अर्थ परस्परांच्या विरुद्ध. निर्णय लगेच घ्यायचा होता, कारण पत्रा एकदा वेल्ड करून घासला की तिथे काय होते हे कुणालाही, कधीही सांगता येणार नव्हते. मी जुन्या रेडिओंचा हौशी अभ्यासक म्हणून त्यांनी मला बोलावले. त्या निमित्ताने जे पाहिले, मोजले आणि घडवले ते इथे मांडतो. ज्यांच्या घरी अशी गाडी उभी आहे त्यांना ते कामी येईल, आणि ज्यांच्याकडे नाही त्यांना एका विसरलेल्या कारागिरीची ओळख होईल.

कुर्ल्याची फियाट आणि नागपूरचा रेडिओ

आधी गाडीविषयी थोडे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला उभा राहिला. सुरुवातीला तिथे अमेरिकन डॉज आणि प्लिमथ गाड्या जुळवल्या जात. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला आणि १९५४ पासून फियाट ११०० बनू लागली. गोलमटोल अंगाच्या आणि पुढची दारे उलट्या बाजूने उघडणाऱ्या त्या पहिल्या अवताराला लोकांनी ‘डुक्कर फियाट’ हे नाव दिले. त्यात चेष्टेपेक्षा मायाच अधिक होती. १९६४ मध्ये सरळ रेषांची ११०० डी आली. इंजिन १०८९ सीसीचे, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, पुढे-मागे अखंड बाकासारखी सीट. हीच गाडी पुढे काही काळ ‘प्रेसिडेंट’ आणि १९७४ च्या सुमारास ‘पद्मिनी’ झाली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती ऑक्टोबर २०२३ च्या अखेरपर्यंत रस्त्यावर होती. लालबहादूर शास्त्री पंतप्रधान असताना त्यांनी याच घराण्यातली गाडी बँकेचे कर्ज काढून घेतली होती. ती दिल्लीत त्यांच्या स्मारकात जपलेली आहे. पंतप्रधानांनाही कर्ज काढावे लागावे इतकी मोटार त्या काळी महाग होती, हे ध्यानात ठेवले म्हणजे मालक तिच्यातल्या प्रत्येक जादा वस्तूचा किती विचार करत असतील, याचा अंदाज येतो.

रेडिओ ही अशीच जादा वस्तू. मोटारीत रेडिओ बसवण्याची कल्पना तोवर जुनी झाली होती. अमेरिकेत १९३० मध्ये गॅल्विन यांच्या कंपनीने ‘मोटोरोला’ हे नाव देऊन मोटारीचा रेडिओ विकायला काढला. जर्मनीत १९३२ मध्ये ब्लाउपुंक्टचा रेडिओ आला. त्याची किंमत एका मोटारीच्या तिसऱ्या हिश्शाएवढी होती. हे सगळे व्हॉल्व्हचे रेडिओ. व्हॉल्व्हना मोठा दाब लागतो आणि मोटारीच्या बॅटरीत असतात सहा किंवा बारा व्होल्ट. म्हणून ‘व्हायब्रेटर’ नावाचा गुणगुणणारा भाग जोडून दाब वाढवावा लागे. १९५५ मध्ये अमेरिकेत पूर्ण ट्रान्झिस्टरचा मोटार-रेडिओ आला आणि पुढच्या दहा वर्षांत यंत्र लहान, थंड आणि काटकसरी झाले. आपल्या मध्यमवर्गाच्या मोटारीत रेडिओ शिरला तो मुख्यतः या टप्प्यावर.

नागपूरला त्यासाठी स्वतःचे निमित्तही होते. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झाले. विविध भारती ऑक्टोबर १९५७ मध्ये आली. आणि १ नोव्हेंबर १९६७ रोजी विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या तेव्हा त्या प्रयोगासाठी मुंबई, पुणे आणि नागपूर ही तीन केंद्रे निवडली गेली. म्हणजे बाईंच्या वडिलांनी गाडी घेतली त्याच वर्षी इथल्या हवेत जाहिरातींची पहिली गाणी वाजू लागली. रेडिओ बाळगणे मात्र फुकट नव्हते. १९३३ च्या कायद्याने त्याला परवाना लागे आणि दरवर्षी पोस्टात पैसे भरावे लागत. ही पद्धत १९८० च्या दशकात संपली. कुणाच्या जुन्या ट्रंकेत ते परवान्याचे पुस्तक असेल तर ते टाकू नये. गाडीत रेडिओ कधी आला हे सांगणारा तो कित्येकदा एकुलता एक कागद असतो.

आठ छिद्रांची साक्ष

आता भोकाकडे वळू. पहिला प्रश्न : हे भोक कारखान्याचे की बाहेरचे? याचे उत्तर कडेवर असते. कारखान्यात पत्रा आधी कापला-दाबला जातो आणि नंतर रंगवला जातो. त्यामुळे कारखान्याच्या भोकाच्या कडेवर आतपर्यंत मूळ रंग आणि त्याखालचा प्राइमर चढलेला असतो. इथे भिंगातून पाहिले तर कडेवर मूळ रंगाचा थर नव्हता, उघड्या लोखंडावरचा गंज होता. कडेला छिन्नीचे बारीक टप्पे दिसत होते आणि त्यावर कानस फिरवून ते मोडलेले होते. म्हणजे गाडी रंगून बाहेर पडल्यावर कुणीतरी हाताने हे भोक पाडले आहे. इतवारीतल्या एका ऐंशी वर्षांच्या रेडिओ-कारागिराला मी ते दाखवले, तेव्हा त्यांनी आधी कडेवरून अंगठा फिरवला आणि मग म्हणाले, “घाईचं काम नाही जी हे भाऊ. कानस मारली आहे त्यानं. तार कापू नाही म्हणून.” पत्र्याची धार तारेला कापते. ती मोडायचे कष्ट घेणारा माणूस काम जाणणारा होता.

दुसरा प्रश्न आठ छिद्रांचा. ती एका वर्तुळात नव्हती. चार आतल्या बाजूला, भोकाच्या अगदी जवळ. चार थोडी दूर, चौकोनाच्या कोपऱ्यांवर, आणि व्यासाने मोठी. आतल्या चारपैकी एका छिद्रात गंजलेला स्क्रू अडकून राहिला होता. त्याचे आटे मोजले आणि उलगडा झाला. फियाट ही इटालियन वंशाची गाडी, तिचे सगळे आटे मेट्रिक. हा स्क्रू मात्र ३.६ मिलिमीटर जाडीचा, म्हणजे ‘फोर बीए’ मापाचा निघाला. बीए ही ब्रिटिशांची बारीक यंत्रांसाठीची मापपद्धत. घड्याळे, मीटर, टेलिफोन आणि रेडिओ यांत ती चाले आणि ब्रिटिश वळणावर वाढलेल्या आपल्या रेडिओ-दुकानांत या स्क्रूंचे डबे भरलेले असत. मोटार-गॅरेजमध्ये त्यांचे काम नव्हते. म्हणजे भोक पाडणारा माणूस रेडिओवाला होता, गॅरेजवाला नव्हे. एका गंजक्या स्क्रूने एवढे सांगितले.

बाहेरची चार मोठी छिद्रे स्वतःच आटे पाडत जाणाऱ्या टोकदार स्क्रूंची होती. ती नंतरची, कॅसेट प्लेअरच्या काळातली. १९८० च्या दशकात जुना स्पीकर काढून मोठा बसवण्याची लाट आली होती. उत्खननात जसे वस्तीचे थर एकावर एक सापडतात, तसे इथे दोन पिढ्यांचे संगीत एकाच पत्र्यावर सापडले : आतल्या छिद्रांत रेडिओचे, बाहेरच्या छिद्रांत कॅसेटचे.

तिसरा पुरावा त्या अडकलेल्या स्क्रूच्या वायसरखाली होता. तिथे नखाएवढा तपकिरी तुकडा दबून राहिलेला. एक बाजू गुळगुळीत, दुसरीवर जाळीचा ठसा. हे हार्डबोर्डचे लक्षण. लाकडाचा लगदा जाळीवर ठेवून उष्णता नि दाब देऊन हार्डबोर्ड बनतो. पाणी आणि वाफ जाळीतून निघून जाते आणि त्या बाजूला ठसा उमटतो. चौथा पुरावा बाईंच्या अल्बममध्ये मिळाला. रामटेकच्या सहलीचा एक कृष्णधवल फोटो, गाडी पाठमोरी, आणि मागच्या काचेतून दिसणारी एक आयताकृती पाटी. तिच्या मधोमध फिकट लंबगोल. पाटीच्या कडा गोलसर. आता बैठकीचे रूप कळले : हार्डबोर्डची आयताकृती पाटी, तिला लंबगोल खिडकी, खिडकीवर कापड.

या सगळ्यातून ‘ओरिजिनल’ या शब्दाचा पेच सुटायला मदत होते. युरोप-अमेरिकेत एखादी जुनी गाडी पूर्ववत करणारा माणूस कारखान्याचे नकाशे मिळवतो आणि तिथल्या स्पीकरची बैठक हुबेहूब बनवतो. आपल्याकडे बहुतेक गाड्या रेडिओविनाच कारखान्यातून निघत आणि रेडिओ नंतर दुकानात बसे. त्यामुळे नकाशा शोधत बसण्यात अर्थ नाही. इथली मूळ बैठक म्हणजे त्या दुकानातल्या माणसाने केलेली बैठक. नकाशा त्याच्या डोक्यात होता आणि त्याची एकमेव प्रत पत्र्यावर उरली आहे.

बैठकीचे काम काय?

स्पीकर म्हणजे वाजणारी वस्तू आणि बैठक म्हणजे ती धरून ठेवणारी पट्टी, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात निम्मा आवाज बैठकच घडवते. कसा ते पाहू.

आज आपण वापरतो त्या स्पीकरची मांडणी राइस आणि केलॉग या दोन अमेरिकन अभियंत्यांनी १९२५ साली प्रसिद्ध केली. चुंबकाच्या फटीत तारेचे हलके वेटोळे, वेटोळ्याला चिकटवलेला कागदी शंकू. वेटोळ्यातून गाण्याचा विद्युतप्रवाह गेला की शंकू पुढे-मागे हलतो. पुढे सरकताना समोरची हवा दाबली जाते, त्याच क्षणी मागची विरळ होते. आता स्पीकर नुसता हवेत टांगला, तर समोरची दाबलेली हवा काठावरून वळून मागच्या विरळ हवेत जाऊन मिसळते. दोन्ही एकमेकींना खातात आणि आवाज पातळ होतो. स्पीकर एखाद्या फळीच्या भोकात बसवला की ही वाट अडते. फळीचे खरे काम हे आहे.

फळी किती मोठी हवी हे ध्वनिलहरीच्या लांबीवर ठरते. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. सेकंदाला १००० कंपने असलेल्या सुराची लहर सुमारे ३४ सेंटिमीटर लांब, तर १०० कंपनांच्या खर्जाची जवळजवळ साडेतीन मीटर. लांब लहरी काठावरून सहज वळतात, आखूड वळत नाहीत. म्हणून लहान फळीवर बायकांचा आवाज, बासरी, सतार ठीक वाजतात, पण तबल्याच्या बायाँतला घुमारा हरवतो. मोटारीच्या मागच्या काचेखालचा पत्रा इथे उपकारक ठरतो. वर प्रवाशांची बैठक, खाली बंद डिकी. पत्र्यात बसवलेल्या स्पीकरची पाठ डिकीत, तोंड वर. डिकी म्हणजे आयती मोठी पेटी. शिवाय वर निघालेला आवाज मागच्या तिरप्या काचेवर आपटून पुढे वळतो. त्या रेडिओवाल्याने पुस्तक वाचून ही जागा निवडली असेल असे नाही, पण जागा शास्त्राला धरून आहे.

मग पत्र्यावरच थेट स्पीकर का नाही बसवला? मधे हार्डबोर्ड कशाला? याचे उत्तर पत्र्यावर बोटाने टिचकी मारली की मिळते. पातळ पत्रा थाळीसारखा वाजतो. स्पीकरची थरथर थेट त्याच्यात गेली, तर काही सुरांवर तो स्वतःच गुणगुणू लागतो. हार्डबोर्डमध्ये असंख्य तंतू एकमेकांत गुंतलेले असतात. ते आपसात घासून थरथर जिरवतात. हार्डबोर्डच्या पाटीखाली नमद्याची, म्हणजे फेल्टची, पट्टी दिली की उरलेसुरले गुणगुणणेही थांबते. पाटी शोभेसाठी नव्हती, ती आवाजासाठी होती.

लंबगोल आकाराचेही असेच. पत्र्यावर सीटची पाठ आणि काच यांच्यामध्ये जागा अरुंद. सहा इंच बाय चार इंच लंबगोल स्पीकरच्या तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे १९ चौरस इंच भरते, म्हणजे जवळजवळ पाच इंची गोल स्पीकरएवढे. रुंदी मात्र चारच इंच लागते. जागा वाचते, हवा तेवढीच ढकलली जाते.

आणि त्या रेडिओला याहून मोठ्या स्पीकरची गरजही नव्हती. मीडियम वेव्हवर शेजारच्या दोन केंद्रांत आपल्याकडे ९ किलोहर्ट्झचे अंतर असते. त्यामुळे रेडिओतून सेकंदाला साडेचार-पाच हजार कंपनांपलीकडचे फारसे काही बाहेर येत नाही. आकाशवाणी नागपूरचा ५८५ किलोहर्ट्झ हा आकडा ज्यांच्या कानात बसला आहे, त्यांना तो आवाज आठवेल : झांजेची किणकिण कमी, पण माणसाचा शब्द स्वच्छ. कागदी शंकूचा लंबगोल स्पीकर नेमका त्याच पट्ट्यात बोलतो. आजचा महागडा स्पीकर तिथे बसवला, तर तो रेडिओची खरखरही तितक्याच इमानाने ऐकवतो.

घडवताना

काम सुरू केले ते कागदाने. शिलालेखाचा ठसा घेतात तसा पत्र्यावर पातळ कागद ताणून, आडव्या पेन्सिलीने घासून भोकाचा नि आठही छिद्रांचा ठसा घेतला. हा ठसा पुराव्याचाही पुरावा असल्यामुळे त्यावर तारीख घातली आणि गाडीची पुढची बाजू कुठली ते बाणाने दाखवले. मग त्यावरून पुठ्ठ्याचा फर्मा कापला. पुठ्ठ्यावर चूक झाली तर दुसरा पुठ्ठा मिळतो. फर्मा जागेवर ठेवून काच, सीटची पाठ आणि डिकीच्या झाकणाचे बिजागर कुठे अडत नाही ना, हे पाहिले.

स्पीकर निवडताना चुंबक पाहायचा. जुन्या स्पीकरमध्ये अल्निको मिश्रधातूचा चुंबक असे : अरुंद आणि मागे लांब निघालेला. अल्निकोला कोबाल्ट लागतो. १९७८ मध्ये आफ्रिकेतल्या झाईरमधल्या लढाईमुळे कोबाल्टचा भाव भडकला आणि जगभरचे कारखाने फेराइटच्या चपट्या, रुंद चकतीकडे वळले. म्हणून १९६० च्या दशकातल्या बैठकीसाठी अल्निकोचाच स्पीकर योग्य. जुन्या टेबल रेडिओंच्या भंगारात तो अजून मिळतो. घेताना शंकू बोटांनी समतोल दाबून पाहावा. आत घासल्याचा आवाज आला तर वेटोळे चुंबकाला लागते आहे, तो घेऊ नये. शंकूला बारीक चीर असेल तर पातळ कागद नि सरस लावून ती सांधता येते.

पाटीसाठी तीन मिलिमीटरचा हार्डबोर्ड घेतला. एमडीएफ सहज मिळतो आणि कापायलाही सोपा, पण त्याच्या कडा ओल धरून फुगतात आणि त्या काळी तो इथे नव्हताच. हार्डबोर्डही पाण्याचा शत्रू आहे. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, बंद गाडीत काचेखाली त्याहून कितीतरी अधिक, आणि महिन्याभरात पाऊस. म्हणून कापल्यावर पाटीच्या दोन्ही बाजू आणि विशेषतः कडा चपडा लाखेच्या पॉलिशने तीन हात देऊन बंद केल्या. ही लाख पळसावर आणि कुसुमावर वाढणाऱ्या किड्यांची. पूर्व विदर्भाच्या जंगलात ती घेतली जाते. स्पिरिटमध्ये विरघळवून फडक्याने लावायची, वाळली की बारीक पॉलिश पेपर, मग दुसरा हात. खिडकी कापताना आधी आतून छोटी भोके पाडून अरुंद पात्याच्या करवतीने कापली, शेवटची रेषा कानशीने गाठली.

कापडाची परीक्षा सोपी आहे. कापड तोंडापुढे ताणून फुंकर मारावी. पलीकडे धरलेल्या तळहाताला फुंकर जवळजवळ तशीच लागली तर कापड चालेल. घट्ट विणीचे कापड वरचे सूर गिळते. जुन्या रेडिओंवर सोनेरी धागा घातलेले विरळ विणीचे कापड असे. फोटोतला फिकट लंबगोल पाहता इथेही तसेच असावे. आम्ही विरळ विणीचे बदामी कापड घेतले. ते चिकटवले नाही, कारण काचेखालच्या उन्हात डिंक-गोंद पातळ होऊन कापडात उतरतो आणि डाग पडतो. पाटीमागे कापड वळवून, आडव्या-उभ्या दोऱ्याने खाटेच्या नवारीसारखे ताणून बांधले. असे बांधलेले कापड पुढे धुता येते आणि बदलताही येते.

पाटी बसवली ती आतल्या चार जुन्या छिद्रांवरच. नवे एकही छिद्र पाडले नाही. चार बीए स्क्रू एका जुन्या रेडिओच्या सांगाड्यातून काढले. कॅसेटच्या काळातली बाहेरची चार छिद्रे पाटीखाली झाकली गेली. ती बुजवली नाहीत, गंज पुढे सरकू नये म्हणून कडांना प्राइमर लावला इतकेच. डिकीच्या बाजूने चुंबकावर कापडी टोपी चढवली. सामानाच्या धक्क्यापेक्षा स्पीकरला अधिक धोका धुळीचा आणि लोखंडी कणांचा असतो. हे कण एकदा चुंबकाच्या फटीत गेले की निघत नाहीत.

दोन तारांची गोष्ट

तारांच्या बाबतीत जुन्या गाडीला नवे नियम लावू नयेत आणि अंदाजही करू नये. ब्रिटिश घराण्यातल्या कित्येक जुन्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे, फियाटमध्ये ऋण टोक. रेडिओ एका पद्धतीचा आणि गाडी दुसऱ्या पद्धतीची असेल तर जोडताक्षणी ट्रान्झिस्टर जळतात. म्हणून रेडिओवरची पाटी आधी वाचावी आणि बॅटरीच्या तारेवर फ्यूज घालावा.

स्पीकरला स्वतःच्या दोन तारा द्याव्यात, एक तार वाचवून पत्र्यालाच दुसरी तार मानू नये. काही रेडिओंत स्पीकरचे कुठलेच टोक सांगाड्याला लागलेले चालत नाही. रेडिओला किती ओहमचा स्पीकर हवा हेही जुळवावे लागते. साध्या मीटरने मोजले तर आकडा लिहिलेल्यापेक्षा थोडा कमी येतो आणि ते स्वाभाविक आहे : चार ओहमचा स्पीकर मीटरवर सव्वातीन-साडेतीन दाखवतो. स्पीकर जिवंत आहे का हे दीड व्होल्टच्या सेलने कळते. टोकांना क्षणभर सेल टेकवला की ‘टक्’ असा आवाज येतो आणि शंकू पुढे किंवा मागे सरकतो.

गाडी सुरू केल्यावर येणारी टकटक आणि शिट्टी ही बैठकीची चूक नसते. टकटक ठिणगीची, शिट्टी डायनॅमोची. इग्निशन कॉइलच्या बॅटरीकडच्या टोकाला आणि डायनॅमोला त्या कामासाठीचे कंडेन्सर लावले, रेडिओचा सांगाडा नि अँटेनाचे बूड स्वच्छ पत्र्यावर घट्ट केले, की दोन्ही बऱ्याच उतरतात. इथेही जुन्या माणसाने वाट आखून ठेवली होती. डिकीतून पुढे जाणारे पत्र्याचे छोटे चिमटे अजून जागेवर होते, इंजिनाच्या जाड तारांपासून दूर, उंबऱ्याच्या कडेने. नवी तार आम्ही त्याच चिमट्यांतून नेली.

नियम, सनद आणि खूण

आता डेंटरच्या शंकेचे उत्तर. केंद्र सरकारने २०२१ साली जुन्या वाहनांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेले आणि मूळ रूपात राखलेले वाहन ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठे फेरफार झालेले नसावेत अशी अट आहे. १९६७ ची गाडी वयाच्या अटीत सहज बसते. हाताने पाडलेले स्पीकरचे भोक हा मोठा फेरफार ठरू नये, असे मला नियम वाचून वाटते. पण नियमांच्या धाकाने लोक गाड्या ‘शुद्ध’ करू लागले आहेत. कारखान्यातून आली तशी दिसावी म्हणून मधल्या पन्नास वर्षांच्या खुणा पुसल्या जात आहेत.

वास्तूंच्या जतनाविषयी १९६४ मध्ये व्हेनिसला एक सनद झाली. तिच्यातली तीन तत्त्वे इथे लागू पडतात. एक, अंदाज सुरू होतो तिथे पुनर्रचना थांबावी. दोन, वस्तूवर वेगवेगळ्या काळांनी घातलेली भर मान्य करावी. तीन, नव्याने घातलेला भाग जुन्याशी जुळावा, पण तो जुना म्हणून खपता कामा नये. जुन्या वाहनांच्या जागतिक संघटनेने २०१२ मध्ये याच धर्तीवर वाहनांसाठी सनद स्वीकारली. तिला ट्युरिनचे नाव आहे, आणि ट्युरिन हे फियाटचे जन्मगाव. पन्नास वर्षे रस्त्यावर असलेल्या गाडीने त्या पन्नास वर्षांच्या खुणा अंगावर बाळगणे हा तिचा दोष नाही, तोही तिच्या रूपाचा भाग आहे, हा त्या विचारांचा मथितार्थ.

या तत्त्वांनुसार काय केले ते सांगतो. फोटोत पाटीचा आकार दिसतो, पण रंग दिसत नाही. म्हणून कुठल्या तरी आकर्षक रंगाची कल्पना न लढवता ती लाखेच्या नैसर्गिक तपकिरी रंगातच ठेवली. कॅसेटच्या काळातली छिद्रे राहू दिली. आणि पाटीच्या मागच्या जाळीदार बाजूवर शाईने लिहिले की ही पाटी नवी आहे, कुठल्या वर्षी, कशावरून बनवली, आणि मूळ हार्डबोर्डचा तुकडा व गंजलेला स्क्रू कुठे ठेवला आहे. तो तुकडा, तो स्क्रू आणि पेन्सिलीचा ठसा एका लिफाफ्यात घालून बाईंनी गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवला आहे. डेंटरनेही मग मन लावून काम केले. रंग मारताना त्याने भोकाच्या कडेला चिकटपट्टी लावली, म्हणजे छिन्नीच्या खुणा रंगाखाली जाणार नाहीत.

मोटारीत रेडिओ बसवणाऱ्या त्या पिढीतले फार थोडे लोक आज नागपुरात उरले आहेत. त्यांच्या दुकानांच्या जागी मोबाइलची दुकाने आली. त्यांनी बसवलेले रेडिओ भंगारात गेले आणि ज्या गाड्यांत बसवले त्याही बहुतेक गेल्या. राहिलेल्या गाड्या आता जीर्णोद्धाराला निघत आहेत आणि नेमक्या याच वेळी त्या कारागिरांच्या खुणा वेल्डिंगच्या ठिणग्यांत नाहीशा होत आहेत. तुमच्या ओळखीत कुणी जुनी गाडी रंगवायला काढली असेल, तर त्यांना एवढेच सांगा : बुजवण्यापूर्वी प्रत्येक भोकाचा फोटो घ्या, कागदावर ठसा घ्या, निघालेला प्रत्येक स्क्रू डबीत ठेवा आणि त्या डबीवर गाडीतली जागा लिहा. यासाठी एक दुपार पुरते आणि खर्च कागद-पेन्सिलीचा.